टेबलापासून मागे उभे राहणारे गृहस्थ

टेबल टेनिसमधील बचावात्मक खेळाडूचा मी बारकाईने अभ्यास केला, तो खेळाच्या आवडीपोटी नव्हे. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतील दंतवैद्य माझ्याऐवजी अशा एका खेळाडूबरोबर खेळू लागले होते आणि मला ते सहन होत नव्हते.

हे डॉक्टर आणि मी बरीच वर्षे सकाळी क्लबहाउसमध्ये खेळत आलो. मी शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेला. त्यांना दवाखाना उघडण्यापूर्वी थोडा वेळ मोकळा असे. आम्ही दोघेही आक्रमक. सर्व्हिस, तिची परतफेड, एक जोरकस फटका आणि निकाल. उरलेला वेळ चेंडू कपाटाखालून काढण्यात जाई. मला एवढे पुरे होते. डॉक्टरांनाही पुरे असावे, असे मी गृहीत धरले होते.

मग सी विंगमध्ये हडपसरहून एक गृहस्थ राहायला आले. नोकरी संगणक कंपनीत, काम बहुतेक घरूनच. पहिल्या दिवशी ते टेबलापासून इतके मागे उभे राहिले, की मला वाटले, नवखे आहेत, बिचकत असतील. मी जोरात मारले. त्यांनी चेंडू गुडघ्याच्या उंचीपर्यंत खाली येऊ दिला आणि बॅट वरून खाली आणत, काकडी कापावी तसा, कापून परत पाठवला. मी आणखी जोरात मारले. या खेपेस चेंडू माझ्या बॅटला लागून सरळ नेटमध्ये गेला. मी तो गेम हरलो.

येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. या फटक्याला चॉप म्हणतात. तळातून कापलेला चेंडू उलटा फिरत येतो आणि बॅटला लागताच खाली घसरतो. त्यातून त्यांच्या बॅटच्या एका बाजूला लांब दाण्यांचे रबर होते. अशा रबराला स्वतःचे मत नसते. आपण चेंडूला जितका फिरवून पाठवू, जवळजवळ तितकाच तो उलटा फिरत आपल्याकडे येतो. थोडक्यात, माझा जोर हेच त्यांचे भांडवल होते. यावर उपाय म्हणून मी रोज जोर वाढवत गेलो. वर्गात एखाद्या मुलाने चुकलेले गणित तसेच, फक्त मोठ्या अक्षरात, पुन्हा लिहून आणले असते तर मी त्याला काय म्हटले असते, ते सांगायला नको.

आमच्या क्लबहाउसची एक रीत आहे. जिंकणारा टेबलावर राहतो आणि पुढचा खेळाडू तोच निवडतो. सी विंगवाले रोज मला हरवत आणि रोज डॉक्टरांना निवडत. मी बाकावर बसून पाहत असे. डॉक्टर मारत, ते कापत. डॉक्टर पुन्हा मारत, ते पुन्हा कापत. हा खेळ पाहायला सुंदर असतो, हे मला मान्य करावे लागते. डॉक्टर हरत आणि हसत. माझ्याबरोबर खेळताना ते जिंकले तरी घड्याळ बघत असत.

एकदा घाम पुसत ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "सर, एक पॉइंट इतका चालला की मी स्कोअरच विसरलो."

"होतं असं. वयोमानाने," मी म्हणालो.

पुढे ते घरून पाण्याची जादा बाटली आणू लागले. माझ्यासाठी पाणी आणावे, असे इतक्या वर्षांत त्यांना एकदाही सुचले नव्हते.

मला डॉक्टर परत हवे होते, आणि रीतीप्रमाणे त्याला एकच मार्ग होता: जिंकणे. म्हणून मी बाकावरून दोष शोधू लागलो. मागे उभा राहणारा खेळाडू नेटजवळच्या आखूड चेंडूला उशिरा पोहोचतो. थेट पोटावर आलेला चेंडू उजवीकडून घ्यावा की डावीकडून, हे ठरवताना तो क्षणभर अडतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्याला काही दिलेच नाही तर तो काही परत करू शकत नाही. फिरकी नसलेला संथ चेंडू त्या लांब दाण्यांवरून तसाच बापुडवाणा परत येतो.

एका रविवारी मी याच क्रमाने खेळलो. नुसता हळूच ढकललेला चेंडू, मग पोटावर एक, मग नेटजवळ एक आखूड. ते पुढे धावत, मागे जात, पुन्हा पुढे धावत. मी एकही स्मॅश मारला नाही. सामना मी जिंकला. सी विंगवाल्यांनी मनापासून हात मिळवला आणि म्हणाले, "सर, फार विचार करून खेळलात."

गुण सांगायला बसलेले डॉक्टर म्हणाले, "जिंकलात, सर. मला मात्र मध्ये डुलकी लागत होती."

मी ते ऐकले न ऐकलेसे केले आणि त्यांना निवडले. अखेर टेबलाच्या पलीकडे ते उभे राहिले. सर्व्हिस, परतफेड, मी एक जोरकस फटका मारला, पॉइंट संपला. पुढचाही तसाच संपला. डॉक्टरांनी चेंडू कपाटाखालून काढला आणि तो हातातच ठेवला.

"सर, थोडे मागे उभे राहता का? आणि जरा कापून द्या ना. मला आता सलग मारायची सवय लागलीय."

मी मागे सरकलो. त्यांनी मारलेला चेंडू मी गुडघ्यापर्यंत खाली येऊ दिला आणि बॅट वरून खाली आणली. कृती पायरीपायरीने बरोबर होती. चेंडू मात्र पंख्याच्या दिशेने उडाला आणि हलकेच त्यांच्या बाजूला उतरला. असा चेंडू डॉक्टर एरवी कधीच सोडत नसत. त्यांनी तो मारला नाही. झेलला, आणि बाकाकडे वळून म्हणाले, "अहो, सरांना जरा दाखवता का, मनगट कसं ठेवायचं ते?"

सी विंगवाले लगेच उठले. त्यांनी माझे मनगट हलक्या हाताने धरून किंचित वळवले आणि असेच ठेवा म्हणाले. अत्यंत सज्जन मनुष्य आहे. हाही त्यांच्या खेळातला एखादा दोष असावा. पण त्याचा फायदा कसा घ्यायचा, हे मला अजून सापडलेले नाही.