कडेलोटाचं तिकीट

बाजारपेठेतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या पेंटरबाईंच्या हातच्या. पण छापील फलक आले आणि बाईंचे ब्रश डब्यात वाळत पडले. नवऱ्याच्या शिवणकामाच्या दुकानात त्या काजं-बटणं करू लागल्या. "रंगाच्या हाताला सुई बोचते," एवढंच कधीतरी म्हणायच्या.

त्यांची भाची कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. टपाल खात्यानं दुर्मीळ देशी फुलांची खास तिकिटं काढायचं ठरवलं, चित्रं मागवली, तशी ती थेट दुकानात येऊन थडकली.

"मावशी, कडेलोट तू काढायचंस."

कड्याच्या अगदी टोकावर उगवतं म्हणून त्या जांभळ्या फुलाला लोकांनी ठेवलेलं हे नाव.

"अंगठ्याएवढं चित्र? अगं, मी हातभर अक्षरं काढणारी बाई!"

"काढ की," नवरा मशीनवरून म्हणाला. "नाहीतरी माझी काजं वाकडीच करतेस."

भाची त्यांना कड्यावर घेऊन गेली. बाई पालथ्या पडून फुलं बघत राहिल्या. पाच पाकळ्या, देठावर बारीक लव, पोटात पिवळा ठिपका. घरी येऊन त्यांनी अख्खा घोस हुबेहूब उतरवला आणि पाठवून दिला.

थोड्या दिवसांनी खात्याच्या कलाविभागातून चित्र परत आलं. सोबत तिकिटाएवढी करून छापलेली प्रत होती. ती बघून बाईंचं तोंड उतरलं. फूल कसलं, सांडलेली शाई! साहेबांनी फोनही केला. "हात सुरेख आहे तुमचा. पण लहान केलं की सगळं गिचमिड होतं. पुन्हा बघता का?"

बाई ती प्रत पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. मग एका सकाळी त्यांनी चित्र दुकानाच्या दाराला टाचलं आणि रस्ता ओलांडून समोर जाऊन उभ्या राहिल्या. तिथून ते तिकिटाएवढंच दिसत होतं. पाटी रस्त्यापलीकडून वाचता आली पाहिजे, हे त्यांनी जन्मभर पाळलेलं. मग फुलालाच वेगळा न्याय कशाला?

घोस गेला, एकच फूल उरलं. लव गेली, मागची पानं गेली. काढायचं, रस्ता ओलांडायचा, बघायचं, परत यायचं. गाडीवाले हॉर्न वाजवून दमले.

"अगं, या चित्रापायी तुझाच कडेलोट व्हायचा!" नवरा दारातून ओरडला.

नवं चित्र पोचलं, तेव्हा साहेब फोनवर एवढंच म्हणाले, "बाई, हेच!"

तिकीट निघालं त्या दिवशी दुकानाला कुलूप लागलं आणि भाचीला घेऊन दोघं निघाली. टपाल कचेरीत ही रांग! खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "किती?"

"अख्खा ताव द्या," नवरा खणखणीत आवाजात म्हणाला. "हे फूल आमच्या हिनं काढलंय!"

सगळी रांग वळून बघू लागली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्यांनीच. बाईंनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं, पण मान काही खाली गेली नाही.

भाचीनं एक तिकीट पाकिटाला चिकटवून पाकीट खिडकीतून आत सरकवलं. कारकुनानं शिक्का उचलला तसा नवरा कळवळला.

"अहो, जपून! फुलावर बसेल."

"शिक्क्याशिवाय पत्र जायचं कसं, काका?"

"मारा हो," बाई हसत म्हणाल्या. "चांगला दणकून मारा. आमच्या फुलाला लांब जायचंय."