बेसांव आणि चावी

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. सकाळचे सव्वाआठ. पुढच्या खोलीत हजर: खाटेवर मांय, म्हणजे माझ्या सासूबाई फिलोमेना, उशाशी मी, पायथ्याशी माझी मुलगी लीना, दाराच्या चौकटीला टेकून माझा धाकटा दीर मिंगेल, पेजेची वाटी हातात धरून शेजारच्या शालिनीकाकी, आणि मांयच्या कपाळाला तेल लावून निघण्याच्या बेतात असलेले पाद्री. गैरहजर: सासरी असलेली माझी नणंद, आणि माझा नवरा आंतोन. तो जहाजावर असतो, तिसऱ्या दिवशी दफनापुरता पोचला आणि पंधरवड्याने परत गेला. पेज कोणी घेतली नाही. मांयने डोळे उघडून सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, जणू कोण कोण आलंय ते तीही मोजत होती, आणि मग मिटले. शालिनीकाकींनी वाटी खाली ठेवली तेव्हा आम्हाला कळलं.

ही नोंद, आंतोनचं येणं-जाणं सोडून, मी त्याच दिवशी डायरीत केली. मला तशी सवय आहे. पेडण्याच्या एका शाळेच्या कार्यालयात सत्तावीस वर्षं काम केलं की माणूस घरातसुद्धा हजेरी घेतो. मांय माझ्या याद्यांची मनसोक्त चेष्टा करायची. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिवसभराच्या कामांचा कागद लावला आणि त्यात 'संध्याकाळी सात, तेर्स' असंही लिहिलं. जपमाळेची प्रार्थना ती, या घरात रोज होते. मांयला मराठी वाचता येत नव्हतं, नणंदेने, लीनाच्या आत्याने, वाचून दाखवलं. मांय म्हणाली, "बाय, तेर्स आमी विसरना गो. देव विसरता काय म्हूण बरयलां?" बरयलां म्हणजे लिहिलंय.

मी डिचोलीची, हिंदू घरातली. लग्नानंतर धर्म बदलायचा की नाही हा प्रश्न माझ्या माहेरी पुष्कळ चघळला गेला, इथे मांयने तो एकदाही काढला नाही. अल्ताराच्या, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्याच्या, बाजूची एक फळी रिकामी करून दिली, तिथे माझा गणपती बसला. चवथीला मी माहेरी जायला निघाले की गणपतीवर टांगायच्या माटोळीला बांधायला नारळ आणि सुपारीचा घड ती स्वतः पिशवीत भरायची. तेर्साला मात्र मी तिच्या मागे बसायचे. पहिल्यांदा उत्सुकतेने, मग सवयीने, मग तो अर्धा तास घरातल्या कुठल्याही आवाजापेक्षा बरा वाटायचा म्हणून. प्रार्थना संपली की धाकट्यांनी हात जोडून मोठ्यांपुढे उभं राहायचं आणि बेसांव मागायचं, आशीर्वाद. मोठ्याने डोक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, देवाचें बेसांव. माहेरी आम्ही पाया पडत होतो, पण ते सणावारी. इथे रोज. दुपारी ज्याच्याशी कडाकडा भांडलात त्याच्यापुढेही संध्याकाळी हात जोडून उभं राहावं लागतं... पहिलं वर्षभर मला ते फार अवघड गेलं.

आता त्या दिवसाबद्दल लिहायला हवं. अकरा वर्षं झाली. लीना चौदा वर्षांची होती आणि व्हायोलिन वाजवायची, बरी नव्हे, फार चांगली. शेजारच्या गावच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, मीसेत, तिथल्या मोठ्या प्रार्थनेत, वाजवायला तिला बोलावलं होतं. सकाळी ती शाळेच्या बाईंबरोबर गेली. दुपारी तिला आणायचं होतं मिंगेलने, त्याच्या स्कूटरवरून. मीस आटपून मिंगेल मित्राच्या घरी जेवला, तिथे फेणी झाली, आणि येताना आमच्या वळणावरच्या सुट्या मुरुमावर स्कूटर घसरली. मिंगेलच्या कोपराला खरचटलं. लीनाचा डावा हात स्कूटर आणि गडग्याच्या दगडांमध्ये सापडला. शेवटची दोन बोटं तेव्हापासून वाकत नाहीत. व्हायोलिनच्या तारा दाबायला ती दोन्ही लागतात, हे मला डॉक्टरांच्या आधी लीनाने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी म्हापशाच्या इस्पितळातून लीनाचे कपडे न्यायला घरी आले होते. तेर्स चालू होता. संपल्यावर मिंगेल रांगेत सगळ्यात शेवटी येऊन उभा राहिला, मान खाली, हात जोडलेले, एका हाताला पट्टी. मांयने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, रोजच्यापेक्षा जास्त वेळ ठेवला, आणि म्हणाली, "देवाचें बेसांव, पुता." मग दुसरा हात पुढे केला. "चावी." त्याने खिशातून स्कूटरची चावी काढून दिली. मांयने ती अल्ताराखालच्या खिळ्याला अडकवली.

चावी अकरा वर्षं तिथेच होती. स्कूटर मागच्या पडवीत ताडपत्रीखाली. मिंगेल सुतारकाम करतो. हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून तो बसने जायचा, बस चुकली तर चालत. पहिल्याच वर्षी त्याने पिणं सोडलं, ते कायमचं. लीनाच्या बोटांना रोज मिठाच्या कोमट पाण्यात शेक द्यायचा, तीच एक दिवस "पुरे आता, बोटं उकडतील" म्हणेपर्यंत. तिसऱ्या वर्षी आंतोनने आईकडे रदबदली केली. पाऊस आहे, रस्ता लांब आहे, सुधारलाय, दे आता चावी. मांय मासळी साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "माफ त्याच दिसा केलां. चावी ती वेगळी." आंतोन म्हणाला, "माफ केलंस तर अजून शिक्षा कसली?" त्यावर ती म्हणाली, "शिक्षा न्हय रे. लिनाचीं बोटां वाकतात? ना मगो? तशी ती चावी." आणि बांगड्याचं डोकं उडवलं.

मी तेव्हा मांयच्या बाजूची आहे असंच सगळ्यांना वाटलं. मलाही. खरं तर मांयच्या दोन गोष्टींतली मी एकच उचलली होती. मिंगेलशी मी कधी भांडले नाही, त्याचं ताट वेळेवर वाढलं, कपडे इस्त्रीला दिले, तापात औषधाच्या वेळा लिहून ठेवल्या. पण त्याच्या नजरेला नजर दिली नाही. लीना आता पंचविशीची आहे, चर्चमधल्या मुलांना गाणं शिकवते, तिचा कागद ठेवायचा लाकडी स्टँड मिंगेलनेच केलाय, आणि सरावाला पानं उलटायला तोच बसतो. मागच्या वर्षी ती मला म्हणाली, "आई, मी त्याला माफ केलं त्याला दहा वर्षं झाली. तू अजून रांगेत आहेस?" मी तिला दूध उतू जातंय असं सांगून आत गेले.

जपमाळेत पाच दशकं असतात, दर दशकात दहा मणी. मांयने प्रत्येक दशक कोणाच्या तरी नावे लावलं होतं: पहिलं जहाजावरच्यांसाठी, दुसरं लीनासाठी, तिसरं मिंगेलसाठी, चौथं माझ्यासाठी, पाचवं मेलेल्यांसाठी. एकदा मी विचारलं, माझ्यासाठी काय मागता? मी काय आजारी आहे? मांय म्हणाली, "तें देवाक सांगलां. तुका कित्याक जाय? यादीत बरोवंक?"

ऑक्टोबरच्या शेवटी तिला उठवेनासं झालं. एका सकाळी मला म्हणाली, "तुजी डायरी हाड. बरय." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिने मला यादी सांगितली. एक, दफनाच्या पेटीत घालायला तपकिरी रेशमी कपडा. दोन, कोंबड्या शालिनीकाकींना. तीन, अल्तारावर प्लास्टिकची फुलं नकोत. चार, चावी मिंगेलला द्यायची नाही. पाच, मिंगेलला बेसांव द्यायचं. मी पाचव्यावर थांबले. म्हटलं, मांय, मी कसं देणार? मी तुमच्या धर्माची नाही. ती हसली, तिला तेव्हा हसतानाही धाप लागायची. "बेसांव देवाचें गो. हात तेवडो तुजो. आंतोन तारवार, घरांत व्हडलें कोण? तूंच." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "बरयलें?" मी म्हटलं, लिहिलं.

दफन झालं, महिन्याची मीस झाली. नाताळात आम्ही काही केलं नाही, तारा लावला नाही, शालिनीकाकींच्या घरून नेवऱ्यांचं ताट आलं. मृत्यूचा दाखला, रेशनकार्डावरचं नाव, सगळी कामं उरकली. मांयच्या यादीतली पहिली तीन खुणा करून झाली आणि चौथं तर नुसतं न करण्याचं होतं. तरीही डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी मी ते मोडायला निघाले. ताडपत्री काढली, मेकॅनिकला बोलावून स्कूटर चालती केली, आणि चहाच्या कपाशेजारी चावी मिंगेलपुढे ठेवली. आता घे, पावसाळ्यात किती वर्षं भिजलास, म्हटलं. मला वाटलं होतं, यात सगळंच आलं.

मिंगेलने चावीला हात लावला नाही. "वयनी, ही मांयन काडल्या. तुका ती दिवंक येना."

"मी देतेय ना."

"तुका सोपें तें तूं दिता," तो म्हणाला. रागाने नाही. मग चहा प्यायला, कप विसळून ठेवला आणि चावी परत खिळ्याला लावून आला. संध्याकाळी तेर्स लीनाने सांगितला. शेवटी लीना माझ्यापुढे आली, मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, ते मला जमतं. तिच्यामागे मिंगेल उभा होता. पंचेचाळीस वर्षांचा, केस पांढरे व्हायला लागलेले, हात जोडलेले. मी म्हटलं, चला, जेवायला पानं घेते. तो म्हणाला, "हय, वयनी."

रोज तसंच होतं. आणि मी कोणाला न सांगितलेली एक गोष्ट आहे, ती आता लिहिते. त्या फेस्ताच्या सकाळी मी भिंतीवरच्या कागदावर लिहिलं होतं: 'लीनाला आणणे, मिंगेल.' मांयने फेस्तासाठी माहेरी आलेल्या नणंदेला विचारलं, काय लिहिलंय, आणि ऐकून मला म्हणाली, "फेस्ताचो दीस गो बाय. तो पितलो. तिका बशीन येवं दी." मी म्हटलं, बस चारला येते, साडेतीनला तिचा गणिताचा वर्ग आहे. सगळं बसवलंय मी. मांयने पुढे काही म्हटलं नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतरच्या अकरा वर्षांत नाही. मिंगेलला नाही, लीनाला नाही, मलाही नाही. चौथं दशक मात्र एकदाही चुकलं नाही.

म्हणजे त्याच्या डोक्यावर हात ठेवायच्या आधी मला त्याला हे सांगावं लागेल, की नको म्हटलेलं असताना तुझं नाव मी लिहिलं होतं. नंतर तो माझ्याकडे कसा बघेल, माहीत नाही. डायरीत पाचव्या ओळीसमोर मी चार तारखा घातल्या आणि चारही खोडल्या. आता पावणेसात झालेत. लीनाने मेणबत्ती लावली आहे, खिळ्यावरच्या चावीची सावली भिंतीवर हलतेय. मागच्या दाराशी मिंगेल पाय धुतोय. पाचव्या ओळीवर अजून खूण नाही.