चोपड्याच्या गिरणीतले डबे

पारोळ्याच्या बाजारपेठेत उभं राहून कुठल्याही दुकानाच्या पाटीकडे मान वर करा, उजव्या कोपऱ्यात खाली ‘हिलाल’ लिहिलेलं दिसणारच. शेवटच्या ‘ल’ची शेपटी इतकी लांब, की एकदा ती कापडदुकानाच्या पाटीवरून घसरून शेजारच्या पानटपरीवर गेली. पानवाल्याने तक्रार केली नाही. फुकटात आपल्याही टपरीवर कलाकाराची सही आली, म्हणाला.

हिलाल पेंटरच्या अक्षराला दोन सावल्या असत. एक सूर्याची, दुसरी हिलालच्या हौसेची. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ‘आईची कृपा’ लिहायला घेतलं की आईला मुकुट, कृपेला वेलबुट्टी आणि वर दोन पोपट. गाव त्याला कलाकार म्हणायचं आणि त्याचं त्याला काही वाटायचं नाही, कारण तो स्वतःला त्याच्याही आधीपासून तेच म्हणत होता. सासरीही तसंच. थोरला जावई, त्यात कलाकार. धाकटा जावई पंडित, चोपड्याला पिठाची गिरणी चालवणारा. त्याला सासरी दळणाखेरीज कुणी काही विचारत नसे. तो अंगावर पीठ घेऊन आला की हिलाल म्हणायचा, “पंडितभाऊ, भिंतीला टेकू नका, मी पांढरा रंग दिलेला नाही तिला.” सगळे हसत. पंडितही हसे. हिलालला हे नातं फार आवडायचं.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात पंडितच्या पोराचं जावळ होतं म्हणून हिलाल बायकोला, बेबाबाईला घेऊन चोपड्याला गेला. घरात बायकांची गर्दी. पाहुण्याला टेकायला जागा नाही. म्हणून हा उठून गिरणीकडे गेला.

लाइट गेलेली होती. बाया डबे ठेवून शेतात निघून गेल्या होत्या. कुठल्याही गिरणीत असा प्रसंग म्हणजे संध्याकाळच्या भांडणाची पेरणी. सगळे डबे तेलाचे, सगळे सारखे, आणि लाइट आल्यावर अमकीची बाजरी तमकीच्या घरी. पण इथं डबे लोखंडी पट्ट्यांच्या उतरत्या घसरगुंडीवर ओळीनं उभे होते. तेवढ्यात लाइट आली. पंडितने पहिला डबा उचलून जात्यात ओतला, तसे मागचे सगळे डबे खर्रर्र करत एकेक पाऊल पुढे सरकले. कुणी ढकललं नाही, कुणी नंबर लावला नाही.

हिलालने वाकून घसरगुंडीचा उतार पाहिला. मग डब्यांच्या पोटावरची चित्रं पाहिली. काळ्या डांबरानं काढलेली, एकेका हाताएवढी. एका डब्यावर फणी. एक आडवी रेघ, तिला पाच दात, संपलं. दुसऱ्यावर विंचू, नुसती नांगी आणि एक ठिपका. पाळणा. चूल. विळा. चार-पाच दळणं उरकली तशी दारातून एक बाई आत आली, फणीकडे एकदा बघितलं, डबा डोक्यावर घेतला आणि गेली. वीस पावलांवरून तिला आपला डबा ओळखू आला होता.

“हे काय केलं, पंडितभाऊ?”

“काय करणार भाऊ, रोज कटकट. डब्यावर नाव असतं नवऱ्याचं, आणि बाई काही नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही. मी विचारायचं कुणाचा डबा, तिनं लाजायचं, तोवर दुसरीनं उचलून न्यायचा. गच्चीचं डांबर उरलं होतं. म्हटलं, खुणा करून टाकू.”

म्हटलं, खुणा करून टाकू! जसं काही म्हटलं, चहा करून टाकू. हिलाल त्या फणीकडे बघत राहिला. वीस वर्षं ब्रश धरलेल्या माणसाला चांगली रेघ कोणती ते कळतं, आणि हीच खरी पंचाईत होती. चोपड्यात ती फणी किती चांगली आहे हे कळणारा माणूस एकच होता आणि त्याचा जीव जळत होता. पंडितला स्वतःला पत्ताच नव्हता. त्याला पत्ता असता तर हिलालने निदान त्याला शिष्ट तरी म्हटलं असतं.

“रंग जरा उजळ हवा होता,” एवढंच तो म्हणाला.

परतताना एसटीत बेबाबाई म्हणाली, “पंडितभाऊंनी डोकं चालवलं हां.” तो ‘हां’ हिलालला अमळनेरपर्यंत टोचला आणि अमळनेरहून पारोळ्यापर्यंत पुन्हा टोचला. घरात कलाकार एकच, हे इतकी वर्षं ठरलेलं होतं. आता बायकोच्या मनात दुसऱ्याचं नाव शिरलं होतं, आणि तेही साडूचं.

दुसऱ्याच दिवशी तो गावातल्या गिरधरच्या गिरणीत गेला. “गिरधर, सगळे डबे दे. अशी चित्रं काढतो की चोपड्याहून लोक बघायला येतील.” अकरा दिवस खपला. मोर काढले, पिसारा फुलवलेले, पिसापिसात डोळा. राघू काढले. कमळावर दवाचे थेंब काढले. पारोळ्याचा किल्ला काढला, बुरुजांसकट, खंदकात पाण्यासकट. गिरधरच्या गिरणीला दोन दिवस जत्रेचं रूप आलं.

तिसऱ्या दिवशी पीठ उडालं ते बसलं. आणि पिठाखाली मोर काय, राघू काय, किल्ला काय, सगळं एकच गुलाबी-हिरवं धुकं. तानुबाईचं कळण्याचं, ज्वारी-उडदाचं दळण भिकुबाईच्या घरी गेलं आणि भिकुबाईची बाजरी कुठे गेली ते कुणालाच कळेना.

“तुले मोर दिखना नही का?” भिकुबाई कडाडली.

“दिखना ना! बठ्ठाच मोर दिखतस! मन्हा कोनता, ते सांग!” तानुबाईने सगळ्याच डब्यांवरून हात फिरवला.

गिरधर हिलालला बाजूला घेऊन म्हणाला, “भाऊ, चित्रं एक नंबर. राग मानू नका.” आणि त्याने डब्यांच्या कड्यांना रंगीत चिंध्या बांधल्या. लाल चिंधी तानुबाई, पिवळी चिंधी भिकुबाई. सगळ्यांत देखण्या मोराच्या गळ्यावर फाटक्या परकराचा तुकडा लोंबायला लागला.

मग हिलालने घराच्या ओट्यावर बसून गुपचूप पत्र्याच्या तुकड्यावर फणी काढून पाहिली. एक आडवी रेघ, पाच दात. पाचवा दात काढून होतो न होतो तोच हात आपसूक सावली द्यायला गेला. रॉकेलच्या बोळ्याने पुसलं. पुन्हा काढली. या वेळी कडेला नक्षी आली. सात वेळा पुसलं. आयुष्यभर भर घालायला शिकलेला हात थांबायलाच तयार नव्हता.

साडूकडे शिकायला जाणं म्हणजे नाक कापून हातात घेणं. पण आठव्या वेळी फणीला आरसाही आला, तेव्हा हिलाल उठला आणि चोपड्याची एसटी धरली. ट्रॉली रंगवायचं काम निघालंय म्हणून आलो, असं सांगितलं. पंडितने विचारलंही नाही कुणाची ट्रॉली.

“पंडितभाऊ,” शेवटी हिलालने शब्द बाहेर काढला, “ती फणी... कशी काढली तुम्ही?”

“मी?” पंडित पट्टा चढवता चढवता हसला. “मला कुठं चित्र येतं भाऊ? बाईला म्हणायचं, झाकणावरच्या पिठात बोटानं तुझी खूण काढ. ती काढते. मी तेच बघून डब्यावर डांबरानं गिरवतो. फणी कुंदाबाईची. विंचू त्या पलीकडच्या आळीतल्या म्हातारीचा.”

बोलता बोलता एक नवी बाई डबा घेऊन आली. ताईबाई तिचं नाव. पंडितने झाकण पुढं केलं. तिने आधी पदराआड हसून घेतलं, मग बोट फिरवलं. एक गोल, गोलावर आडवी रेघ, रेघेतून खाली सोडलेली एक दोरी. विहीर.

“भाऊ, तुमचा हात चांगला. तुम्हीच गिरवा,” म्हणत पंडितने ब्रश दिला. हिलालने गोल काढला, रेघ काढली, दोरी सोडली आणि ब्रश खाली पाण्याच्या लाटांकडे वळला.

“बस, बस भाऊ, इतलंच,” ताईबाई म्हणाली. “मी वळखी लेसू.”

हिलाल थांबला. आजवर त्याचा मत्सर निदान एका पत्त्यावर जात होता. आता तो फणीवाल्या कुंदाबाईवर, विंचूवाल्या म्हातारीवर, पाळणा, चूल, विळा अशा साठ-सत्तर बायांवर वाटून द्यायचा होता. त्यांतली एकही त्याला ओळखत नव्हती.

घरी आला तेव्हा बेबाबाई स्वयंपाकाला बसत होती. त्याने पिठाच्या डब्याचं झाकण तिच्यापुढे ठेवलं, वर चिमूटभर पीठ भुरभुरलं. “काढ काहीतरी. आपल्या डब्याची खूण.”

“आता? भाकरी टाकायच्यात.”

“काढ म्हणतो ना!”

तिने विचार केला नाही. बोट टेकवलं आणि एक वाकडी रेघ ओढली, तिला दोन कान दिले, चार पाय दिले. बकरी. पाय पुढे निघालेले आणि मान मागे वळलेली, कुणीतरी हाक मारावी तशी. हिलाल झाकणावर वाकला. कुठे काही जास्त आहे का ते बघितलं. कुठे काही कमी आहे का तेही बघितलं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. अठरा वर्षं ही बाई त्याच्या पाट्या सुकेपर्यंत राखण करत बसली होती.

“हे कुठं शिकलीस?” झाकणावरून मान वर न काढताच त्याने विचारलं.

“यात काय शिकायचं?” बेबाबाई म्हणाली. “सरका, उजेड अडवू नका.” आणि हिलालच्या तोंडून ‘अगं, अगं’ निघेपर्यंत तिने बकरीवरून तळहात फिरवला आणि पीठ परातीत लोटलं.