सहासष्टावं पान

त्या मंडळात लेखक बारा होते, पण बारावा नंबर कुणाचाच नव्हता. यादी अकरावर यायची आणि तिथून टुणकन तेरावर उडी मारायची. ख्रिस्ताच्या शिष्यांच्या यादीत बारावा कोण होता आणि त्याने कशी फितुरी केली, हे रविवारच्या शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मग तो आकडा आपल्यापुढे लावून घेणार कोण? सगळ्यांत शेवटी आलेल्या सिस्टरला तेरावा नंबर मिळाला. तेराही काही मिरवण्याजोगा आकडा नाही, पण फितुरापेक्षा बरा, असं चिटणीस म्हणाले आणि त्यांनी ते वहीत लिहून टाकलं.

मंडळाचा हेतू चांगला होता. ख्रिस्ती लेखकांची पुस्तकं दुकानदार मागच्या फळीवर टाकतात, वर्तमानपत्रवाले ढुंकून बघत नाहीत, तेव्हा आपणच एकमेकांना हात द्यावा, एवढं साधं. दर महिन्याला एकाची पाळी. ज्याची पाळी, त्याच्या पुस्तकावर बाकीच्या अकरांनी 'दोन शब्द' लिहायचे, ओळखीच्या दहा जणांना सांगायचं आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी उपासना सुटली की चर्चच्या अंगणात टेबल मांडून उभं राहायचं. वाईट लिहायचं नाही, हा नियम. पुस्तक वाचायलाच हवं, असा नियम मात्र वहीत कुठंच नव्हता. तो लिहायची गरज कुणाला वाटली नसेल, पण घोडं तिथंच पेंड खात होतं.

मंडळातल्या सगळ्या बायका एकमेकींना भगिनी म्हणत. सिस्टर मात्र ही एकटीच, कारण तिने चौतीस वर्षं इस्पितळात मुलांच्या वॉर्डात काढली होती. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी बोलताना तिचं मनगट थर्मामीटर झटकल्यासारखं झटकायचं. गुळमुळीत बोलणं तिला सोसत नसे. मंडळाचे कागद वाचताना ती पुटपुटायची, "सगळ्यांचाच ताप नॉर्मल. कुणी आजारीच नाही का इथं?" लेक तिला चिडवायची, "आई, तुमचं मंडळ म्हणजे अहो रूपम्, अहो ध्वनिः!" सिस्टर लेकीवर डाफरायची, पण मनातून तिला ते पटायचं. तरी ती मंडळात आली, कारण तिला पुस्तक काढायचं होतं, आणि ते काढायचं होतं एका बाईसाठी.

ती बाई म्हणजे वॉर्डात साफसफाईला आणि वरकामाला असलेल्या मावशी. बावीस वर्षांपूर्वीची दुपार. चार वर्षांचा एक मुलगा थंडीने कुडकुडत होता. गरम पाण्याच्या पिशव्या भरायचं काम मावशींचं, पण त्या जेवायला गेल्या होत्या, म्हणून घाईघाईत सिस्टरनेच पिशवी भरली. पाणी किती गरम आहे ते बघितलं नाही, पिशवीला कापड गुंडाळलं नाही, आणि ती पोराच्या पायाशी ठेवून पुढच्या खाटेकडे गेली. पाय भाजला. मेट्रनने सगळ्यांना उभं करून विचारलं, "पिशवी कुणी भरली?" मावशी नुकत्याच जेवून दारात आल्या होत्या. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि सिस्टरने तोंडात मिठाची गुळणी धरली. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. आठवडाभरात मावशींचं काम गेलं. मुलगा बरा झाला, व्रण तेवढा राहिला, आणि सिस्टर पुढं हेडसिस्टर झाली. मावशींनी कुणाचं नाव घेतलं नाही. पण निघताना त्यांनी सिस्टरकडे असं बघितलं, की त्यांना कळलंय हे हिला कळलं.

तोंडाने सांगायला बावीस वर्षांत जमलं नाही, म्हणून तिने पुस्तक लिहिलं. आधी लिहिलं ते सातवं प्रकरण, 'पिशवी'. मग कडू गोळीला साखर लावतात तशी बाकीची अकरा प्रकरणं त्याच्याभोवती. एका बाईला एक वाक्य सांगायचं टाळण्यासाठी हिने तीनशे प्रती छापून घेतल्या. भित्रेपणाची कमाल झाली, पण तसं झालं खरं. पहिली प्रत पोस्टाने मावशींकडे गेली, आत चिठ्ठी: 'मावशी, सहासष्टावं पान वाचा. मग मला काय बोलायचं ते बोला.' स्वतःच्या प्रतीचं मुखपृष्ठ तिने बघितलं, अर्पणपत्रिका बघितली आणि पुस्तक मिटून कपाटात ठेवलं. जन्मभर दुसऱ्यांच्या पट्ट्या उचलून जखमा बघणाऱ्या बाईला स्वतःची पट्टी उचलवेना.

तीन आठवडे झाले, मावशींकडून अवाक्षर नाही. 'दोन शब्द' मात्र धडाधड आले. सिस्टर एकेक कागद घेऊन खिडकीशी बसायची आणि त्यात एकच गोष्ट शोधायची, भाजलेला पाय. शिव्या चालल्या असत्या. 'लेखिकेला लाज वाटायला हवी' असं कुणी लिहिलं असतं तर तिने त्याच्या घरी जाऊन त्याचे हात धरले असते. पण पहिल्याला भाषा ओघवती वाटली. दुसरीला मुखपृष्ठावरची खाट आवडली. मंडळातल्या कवीने आठ ओळी जुळवून पाठवल्या, त्यांत पुस्तक कमी आणि कवीच जास्त होता. एकाने 'प्रत्येक घरी असावं असं' म्हटलं होतं. गेल्या महिन्यात स्तोत्रांच्या पुस्तकाबद्दल आणि त्याच्या आधीच्या महिन्यात मधुमेहावरच्या पुस्तकाबद्दलही त्याने हेच म्हटलं होतं. शेवटी चिटणीसांचा कागद आला. ते शाळा तपासनीस होते, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी लिहिलं होतं: "'पिशवी' या प्रकरणाने माझे डोळे पाणावले. विश्वास ठेवणाऱ्याची पिशवी देव कधीच रिकामी ठेवत नाही, हे लेखिकेने किती हळुवारपणे सांगितलं आहे!"

सिस्टरने ते तीनदा वाचलं. "हळुवारपणे? पोराच्या पायाची कातडी निघाली आणि ह्यांना हळुवार वाटलं?"

"तुला सांभाळून घेत असतील, आई," लेक म्हणाली.

हे तर फारच झालं. म्हणजे अकराही जणांना सगळं कळलंय आणि प्रत्येकाने प्रेमाने वर एकेक पांघरूण घातलंय! पांघरूण तिने स्वतःच बावीस वर्षं घातलं होतं, त्यासाठी मंडळाची गरज नव्हती. तिने तो कागद चुरगाळला, मग परत सरळ केला, कारण रविवारी तो टेबलावर लावायचा होता.

रविवारी उपासना सुटली. चिटणीसांनी पुस्तकांचे मनोरे रचले. मंडळाची जुनी पुस्तकंही एका बाजूला मांडली, त्यात त्यांचं स्वतःचं बालपणाच्या आठवणींचं पातळसं पुस्तक होतं. माणसं बाहेर येत होती, हात मिळवत होती आणि टेबलाला वळसा घालून जात होती. "पुढच्या वेळी नक्की घेतो हं," असं तेच लोक म्हणाले, जे गेल्या वेळी म्हणाले होते. सिस्टर उभी राहून राहून तापली होती. शेवटी तिने विचारलंच, "चिटणीस, 'पिशवी'त तुम्हाला नक्की काय हळुवार वाटलं?"

"एकूणच," चिटणीस म्हणाले आणि एक मनोरा सारखा करू लागले.

तेवढ्यात फाटकातून मावशी आल्या. केस पांढरे झालेले, पाठीला बाक आलेला, पण पावलं वॉर्डातल्यासारखीच झपझप. त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं.

"हे परत घ्या, सिस्टर."

"वाचलंत, मावशी?"

"काय वाचू? सहासष्ट वाचा म्हणालात. सहासष्ट आहे कुठं?"

सिस्टरने पुस्तक उघडलं. चौसष्टाव्या पानापुढे एकोणपन्नासावं होतं. तिथून परत तीच सोळा पानं, परत चौसष्ट, आणि मग एकदम एक्याऐंशी. 'पिशवी' नव्हतीच.

"आधी वाटलं, माझेच डोळे गेले," मावशी म्हणाल्या. "मग नातीला वाचायला लावलं. ती म्हणाली, आजी, हे तर आधी येऊन गेलं. तेव्हा मला कळलं. लिहिलं असेल तुम्ही, पण छापताना घाबरलात आणि काढून टाकलंत. तेव्हाही गप्प, आताही गप्प. मग ती चिठ्ठी कशाला पाठवलीत? थट्टा करायला?"

"मी काढलं नाही, मावशी. देवाशपथ नाही." सिस्टरने मनोऱ्यातली दुसरी प्रत उघडली, तिसरी उघडली, सहावी उघडली. सगळीकडे तेच. मग ती चिटणीसांकडे वळली, आणि तिचा आवाज पार फाटकापर्यंत गेला.

"तुमचे डोळे कुठल्या पानावर पाणावले? सोळा पानं दोनदा आलीत आणि सोळा गायब आहेत. अकरा जणांनी कौतुक केलं, अकरांतल्या एकाच्याही लक्षात येऊ नये? अनुक्रमणिकेतलं नाव बघून रडलात तुम्ही?"

कवी पाणी प्यायला म्हणून नळाकडे गेला तो परत आलाच नाही.

"हळू, सिस्टर, लोक बघतायत," चिटणीस म्हणाले. "बाइंडरची चूक..."

"बाइंडरची एक चूक. तुमच्या अकरा."

चिटणीसांनी चष्मा काढला. मोत्यासारख्या अक्षराचा तो माणूस पहिल्यांदाच अडखळत बोलला. "आणि माझ्या पुस्तकावर तुम्ही काय लिहिलंत, सिस्टर? 'आईचं चित्रण अत्यंत मायाळू.' सावत्र होती ती. कोळशाच्या खोलीत कोंडून ठेवायची मला. तिसऱ्या पानापासून शेवटपर्यंत दुसरं काहीच नाही त्या पुस्तकात. वर्ष झालं. कुणीतरी विचारेल म्हणून वाट बघतोय."

सिस्टरने ते 'दोन शब्द' आठवून बघितले. ते लिहिले त्या आठवड्यात लेकीच्या घरी पाहुणे होते, सिस्टरने पहिली दोन पानं वाचली होती आणि शेवटचं एक. बाकीचं आपण वाचलं, असं तिला इतके दिवस खरंच वाटत होतं. आपण हसे दुसऱ्याला, शेंबूड आपल्या नाकाला. तिला स्वतःची इतकी चीड आली की सॉरी म्हणणंही तिला 'दोन शब्दां'सारखं वाटलं. तिने मांडलेल्या पुस्तकांतून चिटणीसांचं पातळ पुस्तक उचललं आणि पर्समध्ये टाकलं.

"चला, मावशी," ती म्हणाली. "बाइंडरकडे."

बाइंडरचं दुकान दोन गल्ल्या मागे, त्याच्या घरालाच लागून होतं. तो चहा पीत बसला होता. आधी त्याने कानांवर हात ठेवले; मग कोपऱ्यातली ताडपत्री उचलली. खाली सुतळीने बांधलेला गठ्ठा होता आणि त्याच्यावर खळीचा डबा.

"अरेच्चा! पाचवा फर्मा इथंच राहिला," तो म्हणाला. सोळा पानांच्या घडीला ते लोक फर्मा म्हणतात. "चौथा फिका आला म्हणून प्रेसने परत छापून पाठवला. माझ्या माणसाने दोन्ही थप्प्या लावल्या असणार. पण बाई, महिना झाला की! एवढ्या लोकांत कुणीच कसं बोललं नाही?"

सिस्टरने गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. बाइंडरने वरचा फर्मा काढला, सुरीने घड्या कापल्या आणि पानं मावशींच्या हातात दिली. मावशी कागद कापायच्या यंत्राशेजारच्या स्टुलावर बसल्या. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत त्या वाचू लागल्या. सिस्टर उभीच होती. मेट्रनसमोर उभी राहिली होती, तशीच. मावशी एक पान उलटायच्या, थांबायच्या, परत मागे जाऊन तेच वाचायच्या. बाइंडरचा चहा गार झाला. इतक्या सावकाश, एकेक शब्द चाचपत, तिचं लिहिलेलं आजवर कुणीही वाचलं नव्हतं, आणि तिला ते सहन होत नव्हतं.

"चूक आहे एक," मावशी शेवटी म्हणाल्या.

सिस्टर पानांवर वाकली. "कुठली?"

"डावा पाय लिहिलाय तुम्ही. उजवा होता. पट्टी बांधताना मीच धरला होता तो."

"आणि... बाकी?"

मावशींनी सोळा पानं नीट जुळवली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पिशवीत घातली. "बाकी खरं आहे," त्या म्हणाल्या. "पुस्तक राहू दे तुमच्याकडे. मला एवढंच हवं होतं." माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. दारातून त्यांनी मागे वळून एकदा बघितलं आणि गेल्या.

सिस्टर त्या रिकाम्या स्टुलावर बसली. बाइंडरच्या कानामागची पेन्सिल तिने मागून घेतली, गठ्ठ्यातला पुढचा फर्मा ओढला, ती ओळ शोधून काढली, 'डावा' खोडलं आणि वर 'उजवा' लिहिलं. मग त्याच्या खालचा घेतला.

"तीनशेच्या तीनशे?" बाइंडर म्हणाला. "अहो सिस्टर, एवढं कोण वाचतंय?"

"वाचतात," सिस्टर म्हणाली आणि तिने तिसरा ओढला.