विंचूरजवळच्या बागेतली जास्तीची शेकोटी

बेत साधा होता. नाशिकच्या गंगापूर रोडवरून सकाळी निघायचं आणि विंचूरजवळच्या वाडीवर, मावसबहीण सुनंदाताईकडे, दोन दिवस द्राक्षं खायची. चांदोरी, निफाड, मग विंचूर. रस्ता चांगला, फक्त उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकायला होतं. विंचूरला भजी खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही.

पोचले तेव्हा ताई बागेत होती. दाजी, म्हणजे दिनू, पुण्यात नोकरीला, त्यामुळे बाग तीच बघते. आधी अवकाळीनं बरेच घड कुजले होते, आता अचानक थंडी वाढली होती.

"पहाटे बागेत शेकोट्या पेटवू, धुरानं ऊब राहील," जेवताना ती सासऱ्यांना म्हणाली.

नाना भाकरी मोडत राहिले. "दिनूचा फोन येऊ दे. बागेचं बायकांनी ठरवायचं नाय."

"तवर थंडीनं मणी तडकतील, नाना."

ते ताटावरून उठले.

पहाटे ताईनं मला हलवलं. अंगणात शेजारच्या दोघी शाली गुंडाळून उभ्या होत्या. बागेत दव गोठून पानं पांढरी पडली होती आणि धुक्यात पुढचा वेल दिसत नव्हता. आम्ही पांगून उसाचं वाळलेलं पाचट पेटवलं. धुरात सगळ्या नाहीशा झाल्या, उरल्या फक्त हाका. ताई "ओऽ" करायची, कोपऱ्यातून "ओऽ" परत यायची.

तेवढ्यात विहिरीकडे लाल उजेड दिसला. तिकडे कुणीच गेलं नव्हतं. ताईनं हाक दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. उजेड नुसता वाढला.

"नको जाऊ गं," शेजारची मंदाकाकू कुजबुजली.

ताई गेलीच. मी तिची शाल घट्ट धरून मागे. धुरातून आधी दोन हात दिसले, मग नाना. उकिडवे बसून पाचट सारत होते.

"ओ का नाही दिली?" ताईनं विचारलं.

"कोणत्या तोंडानं देऊ?" ते वर न बघता म्हणाले. मग पाचटाचा भारा उचलत विचारलं, "पुढची कुठं पेटवू, सांग."

उजाडलं तेव्हा खालच्या ओळींतले मणी तडकलेले होते. वरची बाग वाचली. दुपारी व्यापारी आला आणि सवयीनं नानांकडे वळला. नानांनी ताईकडे बोट केलं. "बाग ती बघती. तिच्याशी बोला."

तुम्हाला जायचं असेल तर थंडीत जा, जाड स्वेटर न्या. मी घरी आले, पण ती पांढरी पानं डोळ्यांपुढून जात नाहीत. परवा ताईला फोन केला. पुन्हा ढग आलेत, फवारावं लागेल म्हणाली.

"फवारणीचं कोण ठरवणार?" मी विचारलं.

"मीच," ती म्हणाली. "आता चुकलं तरी माझंच."