मामांनी पायाशी ठेवलेली टोपी

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जुन्या जालन्यातल्या आमच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला टोपीसाठी पांढरं कापड फाडून देत होतो. "मामा गेले रे," मामी एवढंच बोलल्या. मी कापड पुरतं फाडलं, घडी घातली, त्याच्या हातात दिलं आणि मग खाली बसलो. त्याला आता सव्वा महिना झाला. लोक भेटतात, मामांच्या गमती सांगून हसतात, हसता हसता डोळे पुसतात. मीही हसतो. खरी गोष्ट मात्र अजून कुणाला सांगितलेली नाही.

कुंभार पिंपळगावचे हे माझे मामा उमेदीच्या वयात तंबूतल्या सिनेमाबरोबर मशीन चालवत फिरले होते. भोंगा बिघडला, की पब्लिक उठून जाऊ नये म्हणून मालक जुनी मुकी रिळं लावायचा. उंच टोप्यांचे, गोल टोप्यांचे विलायती गडी... कुणाची टोपी वाऱ्यानं उडायची, कुणी वाकून उचलायला जावं तर त्याचाच बूट लागून ती पुढं सरकायची. मामांनी ती रिळं इतक्यांदा पाहिली, की पुढं शेती करायला लागल्यावरही ती अंगातून गेली नाहीत. लग्नात पंगत उठली, की तोंडातून शब्द न काढता ते आपल्या पांढऱ्या टोपीवर तोच खेळ करायचे. कॉलेजात असल्यापासून त्यांचा जोडीदार मी. टोपी पडायची, मामा वाकायचे आणि आभाळाकडं बघत उभा असलेला मी नेमक्या वेळी चपलेच्या टोकानं ती पुढं ढकलायचो. तीनदा. चौथ्यांदा मामा ती पकडायचे, फुंकर मारायचे, डोक्यावर ठेवून मलाच रामराम घालायचे.

यात एवढं हसण्यासारखं काय, असं मी एकदा विचारलं होतं. मामा म्हणाले, "माणूस पडल्यावर पैले काय बघतो? टोपी. हाड मोडलं का न्हाई, ते मंग. पब्लिकला ते बराबर समजतं."

माझ्या धाकट्या बहिणीनं, सुनीतानं, जातीबाहेर लग्न केलं आणि मी तिला घर बंद केलं. वडील नव्हते, कर्ता मी, आणि त्या कर्तेपणाची मस्ती होती. मामा समजवायचे, मी विषय बदलायचो. माझ्या मुलाच्या लग्नात, पाहुण्यांच्या देखत, ते माझ्यासमोर आले आणि हळूच म्हणाले, "सुनीला बोलव. अजून टाईम हाय, मी जीप पाठवतो." मी मान फिरवली. तेव्हा त्यांनी टोपी काढली आणि वाकून माझ्या पायाशी ठेवली.

आमच्याकडं माणूस दुसऱ्याच्या पायाशी टोपी ठेवतो, तेव्हा मागायचा दुसरा कुठलाच मार्ग त्याच्यापाशी उरलेला नसतो. ती उचलून त्याच्या डोक्यावर परत ठेवली, म्हणजे शब्द मानला. मला हे चांगलं ठाऊक होतं. पण मागून कुणीतरी हसलं... लोकांना वाटलं, खेळ सुरू झाला. मी आभाळाकडं पाहिलं आणि पायाच्या टोकानं टोपी पुढं ढकलली.

मांडव हसला. मामा क्षणभर माझ्याकडं बघत राहिले. मग वाकले, स्वतःच्याच पायानं टोपी सरकवत पुन्हा पुन्हा वाकले, शेवटी उचलून फुंकर मारली आणि मला रामराम घातला. टाळ्या पडल्या. चारचौघांत माझी अब्रू त्यांनी राखली. त्यानंतर तो खेळ त्यांनी कधीच केला नाही. गुडघे दुखतात म्हणायचे. माझं चुकलं, एवढं म्हणायला मला चार वर्षं मिळाली होती. मी म्हटलं नाही. आपण तो खेळच समजलो, आपला गैरसमज झाला, असं स्वतःला सांगत राहिलो. झाला नव्हता.

दहाव्याला सुनीता आली. ओट्यावर माझ्या शेजारी बसून म्हणाली, "दादा, मामा सगळ्यांचा होता. पण माझ्यासाठी त्यानं तुझ्यापाशी एकदा बी शब्द टाकला न्हाई, त्याचंच वाईट वाटतं." मामांनी तिला काहीच सांगितलं नव्हतं. मी चहाचा कप हातात फिरवत राहिलो.

मामींनी ती टोपी मला दिली. दुकानात गादीच्या वर, खुंटीला आहे. सुनीता पेपरची ही पुरवणी वाचते, म्हणून इथं लिहितो आहे. सुने, मामांनी शब्द टाकला होता गं. टोपी काढून, माझ्या पायाशी. त्यांची टोपी आता मी खाली ठेवणार नाही. मी कधी टोपी घातली नाही. पण परवा त्याच पांढऱ्या ताग्यातलं कापड फाडलं आणि माझ्या मापाची शिवायला टाकली. तयार झाली, की तुझ्या दारी येतो.