अप्पांचं हाँगकाँग

माझ्या सासऱ्यांना मी एकदा पडद्यावर मरताना पाहिलं होतं. आज सकाळी ते खरोखर गेले.

इथे जर्मनीत, र्युसेल्सहाइमच्या हॉस्पिटलमध्ये, झोपेत. मिलिंद, माझा नवरा, त्यांचा हात धरून बसला होता.

अप्पा तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असतील. आमच्या गणपतीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसणारे, गळ्याला मफलर, आवाज नाही, नुसते ओठ हलवून बोलणारे.

मला आज त्यांच्या सिनेमाबद्दल लिहायचंय.

सत्तरच्या दशकात, मिलिंद अगदी लहान असताना, अप्पा मालवाहू बोटीवर इंजिनियर होते. बोट हाँगकाँगला दुरुस्तीसाठी अडकली. खलाशांच्या हॉस्टेलवर एक माणूस विचारत आला: सिनेमात मार खायला परदेशी चेहरे हवेत, कोण येतंय?

अप्पा गेले.

तो कुंग फूचा सिनेमा पुढे जगभर गाजला. इथली पोरं अजून त्याची पोस्टर्स खोलीत लावतात.

अप्पा रंगवून सांगायचे. कपड्यांवर पीठ भुरभुरायचे, म्हणजे लाथ बसली की धूळ उडते. खाली पुठ्ठ्याची खोकी. शूटिंगला आवाज रेकॉर्डच करत नसत, तो नंतर स्टुडिओत भरायचे. त्यामुळे सेटवर ज्याने त्याने आपापल्या भाषेत काहीही बोलावं, तोंड हललं म्हणजे झालं.

आणि मारामारी बसवणारे मास्तर म्हणाले होते, "नीट पड. तू नीट पडलास तरच आमचा हीरो मोठा दिसेल."

दोन-तीन वर्षांनी सिनेमा अप्पांच्या गावी, रत्नागिरीत लागला. अप्पांनी अख्खी आळी बाल्कनीत नेऊन बसवली.

अप्पांची, चहाच्या दुकानातली मारामारी आली.

आणि गेली.

आपल्याकडे आलेल्या प्रिंटमध्ये ती निम्मी कापलेली होती. अप्पा त्या कापलेल्या निम्म्यात.

तेव्हापासून आमच्या घरात थापेला 'हाँगकाँग' म्हणतात. "पेपर सोपा गेला? हाँगकाँग मारू नकोस." सासूबाईसुद्धा म्हणायच्या. शाळेत पोरं मिलिंदला विचारायची, "काय रे, तुझा बाप कुठल्या सीनमध्ये मेला?"

मिलिंदने त्या सिनेमाचं नाव काढणं सोडलं. अप्पांनी सांगणं सोडलं नाही. आपल्यावर मुलाचा विश्वास नाही, हे त्यांना माहीत होतं. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

सासूबाई गेल्यावर अप्पा आमच्याकडे आले. मग घशाचा कॅन्सर निघाला, स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. अप्पांनी ते एकदा लावलं, स्वतःचा तो आवाज ऐकला, आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.

मग आम्हीच त्यांचे ओठ वाचायला शिकलो. हळूहळू, जेवणाच्या टेबलावर. आमची लेक रेवा मराठी प्रश्नालाही उत्तर जर्मनमध्ये देते, पण आजोबांचे ओठ तिलाही कळायचे.

मागच्या वर्षी माइन्झच्या एका छोट्या थिएटरात तो सिनेमा लागला. जुन्या निगेटिव्हवरून साफ केलेली, न कापलेली प्रत. अप्पांनी पेपर मिलिंदसमोर सरकवला.

"नेशील?"

"अप्पा, कशाला त्रास करून घेताय? आणि तिथेही नसलात तर?"

"नसलो तर पुन्हा कधी बोलणार नाही."

मग स्वतःच खांदे हलवून हसले. बोलणं तसंही बंदच होतं ना.

रविवारी दुपारी गेलो. हॉल भरलेला. मागच्या दोन रांगांत कुठल्याशा कुंग फू क्लासची मुलं, सगळी काळ्या जॅकेटमध्ये.

चहाचं दुकान आलं. हीरोने एका काटकुळ्या गुंडाची कॉलर धरली. डोक्यावर विग, एका डोळ्यावर पट्टी, गालावर रंगवलेला व्रण. तो कोणीही असू शकत होता. मिलिंदने सुस्कारा टाकला, तो मी ऐकला.

मग तो गुंड ओरडला. स्पीकरमधून घोगऱ्या चिनी आवाजात धमकी आली.

ओठ मात्र वेगळंच बोलत होते. अगदी स्पष्ट.

"मिल्या, बघ रे, बाप पडतोय."

लाथ. पिठाचा ढग. आणि अप्पा माडीच्या कठड्यावरून उलटे, एका शॉटमध्ये, थेट खालच्या टेबलावर.

मागच्या रांगांत टाळ्या पडल्या. त्या मुलांना हे पडणं आधीपासून ठाऊक होतं.

मी मिलिंदकडे वळले. सांगायची गरज नव्हती. त्यानेही वाचलं होतं. समोर बघत तो मराठीत म्हणाला, "परत दाखवा." कोणाला म्हणाला, त्यालाच माहीत.

दिवे लागल्यावर रेवा उठली आणि मागच्या रांगेला जर्मनमध्ये म्हणाली, "तो पडला ना, ते माझे आजोबा आहेत."

सगळी मुलं गोळा झाली. त्यांचे सर, पिकल्या केसांची शेंडी बांधलेले, अप्पांसमोर मुठीवर तळवा ठेवून वाकले. "नवीन मुलांना मी आधी हा शॉट दाखवतो. न घाबरता कसं पडायचं, ते कळायला."

अप्पांनी मुठीवर तळवा ठेवला. मान ताठ.

घरी परतताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, मिलिंदने विचारलं, "अप्पा, माझं नाव घेतलं होतंत, हे कधी सांगितलं का नाहीत?"

"काय सांगणार? तेही हाँगकाँगच झालं असतं."

मिलिंद हसला नाही. त्यांचा मफलर नीट करत बसला, उतरेपर्यंत.

आज दुपारी अंत्यविधीची व्यवस्था बघणारे गृहस्थ घरी आले होते. निरोपाच्या वेळी चार शब्द बोलायचे म्हणून त्यांनी विचारलं, तुमचे वडील काय करायचे?

"बोटीवर इंजिनियर," मिलिंद म्हणाला.

ते मान हलवून पुढचं विचारणार, तेवढ्यात त्याने त्यांना थांबवलं.

"आणि नट. सिनेमात काम केलंय त्यांनी."

अप्पा, तुमच्या सुनेचा वाकून नमस्कार. सुखाने जा.